सुट्या भागांचे कपाट : समतल, स्थैर्य आणि कृष्णाकाठची घरे

साठवणीचे साधन भिंतीतून बाहेर येऊन जमिनीवर उभे राहिले, तेव्हापासून ते सरळ उभे करण्याचा प्रश्न निर्माण झाला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जुन्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता. वाई, मेणवली, सातारा, मिरज येथील वाड्यांच्या जाड भिंतींतच फडताळे, कोनाडे आणि दिवळ्या ठेवलेल्या असत. गवंड्याने भिंत ओळंब्यात उचलली की तिच्यातील फडताळही ओळंब्यातच राही. धान्य कणगीत किंवा बळदात, कपडे पेटाऱ्यात, दूधदुभते शिंक्यावर अशी व्यवस्था होती. म्हणजे साठवणीची साधने एक तर वास्तूचा भाग होती, नाही तर जमिनीलगत बसकी, नाही तर टांगलेली. पुढे सिमेंटची घरे आली तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीत रोवलेले कडाप्प्याचे कप्पे आणि खिळ्यांना अडकवलेली स्टीलची मांडणी आली. त्यांनीही ही परंपरा मोडली नाही. उंच, अरुंद आणि कशालाही न बांधलेली वस्तू घरात आणणे ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे.

या नव्या वस्तूचा पहिला परिचय पोलादी कपाटाने करून दिला. गोदरेज कंपनीचे ‘स्टोरवेल’ कपाट १९२३ साली बाजारात आले आणि पुढच्या काही दशकांत ते मध्यमवर्गीय घराचे मानचिन्ह ठरले. ते जड होते आणि त्याचा सांगाडा ताठ होता. एखादा पाय किंचित अधांतरी राहिला तरी फार तर दार आपोआप उघडे. मग पुढच्या पायांखाली लाकडी पाचर सरकवली की काम भागे. आज घराघरांत येणारे मॉड्युलर कपाट असे सोशीक नसते. ते सपाट खोक्यांतून, सुट्या फळ्यांच्या रूपात येते आणि त्याचा ताठपणा जोडणीच्या वेळी निर्माण करावा लागतो.

फर्निचर सुटे करून पाठवण्याची कल्पना जुनी आहे. मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची अवघ्या सहा लाकडी भागांची होती. अशा ३६ खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या पेटीत मावत. स्वीडनमधील आयकिया कंपनीने १९५६ पासून सपाट खोक्यांचे तत्त्व व्यापारी पातळीवर राबवले. भारतात तिचे पहिले दालन २०१८ साली हैदराबादला आणि दुसरे २०२० च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबईत उघडले. मात्र कराड, इस्लामपूर किंवा विट्याच्या घरात येणारे कपाट बहुधा ऑनलाइन मागवलेले असते, नाही तर गावातल्या मॉड्युलर कारागिराने कापून आणलेले असते. तत्त्व दोहोंचे एकच. कारखाना फळी अचूक कापून देतो, छिद्रे अचूक पाडून देतो, पण ती ज्या जमिनीवर उभी राहणार ती जमीन त्याने पाहिलेली नसते. सुतार पूर्वी घरी येऊन जमिनीला जमवून कपाट करी. आता ते शेवटचे काम गृहस्थाच्या हाती आले आहे, आणि कपाटाचे आयुष्य बव्हंशी त्याच कामावर ठरते.

उभे राहण्याच्या रीतीवरून अशा साधनांचे चार प्रकार मानता येतात. पहिला प्रकार खाली फिरवता येणारे पाय असलेल्या पेट्यांचा. स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या पेट्या याच प्रकारच्या असतात. दुसऱ्या प्रकारात बाजूच्या फळ्याच थेट जमिनीवर टेकतात. पुस्तकांची आणि कपड्यांची बहुसंख्य स्वस्त कपाटे या प्रकारात येतात व समतल करण्यास तीच सर्वांत अवघड असतात. तिसरा प्रकार भिंतीवरील धातूच्या पट्टीवर टांगलेल्या पेट्यांचा. चौथा छिद्रे पाडलेल्या लोखंडी अँगलच्या रॅकचा. दिमेत्रिअस कोमिनो यांनी हा अँगल १९४७ साली लंडनमध्ये ‘डेक्सिऑन’ या नावाने बाजारात आणला. आज तो किराणा दुकानापासून ग्रंथालयापर्यंत सर्वत्र दिसतो. त्याच्या पायाशी पत्र्याची बैठक असते आणि नटबोल्ट ढिले करून त्याचा काटकोन पुन्हा साधता येतो. या गुणामुळे तो सर्वांत क्षमाशील ठरतो.

आता जमिनीकडे वळू. आपल्याकडील घराची जमीन मुळातच समतल नसते आणि यात गवंड्याचा दोष असतोच असे नाही. फरशी धुण्याची पद्धत असल्याने मोरीकडे, न्हाणीकडे किंवा दाराकडे मुद्दाम उतार दिलेला असतो. शंभरास एक हा उतार डोळ्याला जाणवत नाही, पण ४० सेंटिमीटर खोलीच्या कपाटाखाली त्यामुळे ४ मिलिमीटरचा फरक पडतो. शहाबादी फरशी हाताने घडवलेली असल्याने तिच्या सांध्यांत उंचसखलपणा राहतो. जुन्या मोझॅक टाइल घासून एकसंध केलेल्या असल्या तरी वर्षानुवर्षांच्या वापराने मधोमध खोलगट होतात. मोठ्या व्हिट्रिफाइड टाइलची कड शेजारच्या टाइलपेक्षा किंचित वर राहते, आणि कपाटाचा पाय नेमका त्या कडेवर येतो.

याच्याही खाली माती आहे. कृष्णा आणि वारणेच्या काठची काळी माती पाणी प्यायली की फुगते व सुकली की आकसून भेगाळते. अशा मातीवरील किंवा नीट न दाबलेल्या भरावावरील तळमजल्याची फरशी काही वर्षांत एका बाजूला खचते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर खडक उथळ असतो, पण तेथे घराचा अर्धा भाग कापलेल्या मुरुमावर व अर्धा भरावावर बसलेला असतो. त्यामुळे एकाच खोलीत दोन स्वभावांची जमीन मिळते. नवे घर असेल तर एक पावसाळा गेल्यावर कपाटाची पातळी पुन्हा तपासावी, असे म्हणण्याचे हे कारण.

थोड्या चुकीचे मोठे परिणाम कसे होतात, हे साध्या त्रैराशिकाने कळते. कपाटाची खोली ४० सेंटिमीटर आणि उंची २ मीटर धरू. पुढची कड मागच्या कडेपेक्षा ५ मिलिमीटर खाली असेल, तर माथा पुढे २५ मिलिमीटर झुकतो. उंची खोलीच्या पाचपट, म्हणून चूकही पाचपट. रुंदीच्या दिशेने वेगळाच दोष उद्भवतो. चार पायांपैकी तीन पाय नेहमीच टेकतात, चौथ्याचा भरवसा नसतो. हलक्या फळ्यांचे कपाट त्या चौथ्या पायावर स्वतःच्या वजनाने पिळले जाते. समोरची चौकट आयताकृती न राहता समांतरभुज होते. मग दोन दारांच्या वरच्या कडा एका रेषेत येत नाहीत, खण अडतात, कुलपाची जीभ खाचेत जात नाही. अशा वेळी बहुतेक जण बिजागरीचे स्क्रू फिरवू लागतात. आधुनिक बिजागरीला तिन्ही दिशांनी जुळवणीची सोय असते हे खरे, पण पीळ पायात असताना तो दारात लपवणे म्हणजे दोष पुढे ढकलणे होय. दाराला हात लावण्यापूर्वी पाय पाहावेत, हा या कामातील पहिला नियम.

पातळी मोजण्याची साधने मोजकी आणि प्राचीन आहेत. ओळंबा उभी रेषा दाखवतो. आडवी रेषा पाण्यावरून किंवा पाणसळीवरून मिळते. बुडबुड्याची पाणसळ फ्रान्समधील मेलशिसेदेक तेवनो यांनी १६६१ च्या सुमारास तयार केली. ती विकत घेताना किमान दोन फुटी घ्यावी, कारण तळहाताएवढी पाणसळ टाइलच्या एका खळग्यावर टेकून फसवते. तिची परीक्षा सोपी आहे. एका जागी ठेवून बुडबुडा पाहावा, नंतर तिची टोके उलटसुलट करून ती त्याच जागी ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच बाजूला तितकाच सरकला तर दोष जमिनीत आहे. बाजू बदलली तर दोष पाणसळीत आहे. लांब भिंतीसाठी गवंड्यांची लेव्हल पाईप आजही मला सर्वोत्तम वाटते. पारदर्शक नळीत हवेचा बुडबुडा न राहू देता पाणी भरले की दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीवर येते, मग मध्ये खांब असो वा दार. लेझर उपकरण हेच काम वेगाने करते. मोबाइलमधील पाणसळ मात्र भ्रमणध्वनीच्या कडेवर व त्याच्या आवरणावर अवलंबून असल्याने अंदाजापुरतीच वापरावी.

कामाची सुरुवात जमिनीचा सर्वांत उंच बिंदू शोधण्यापासून होते. कपाट जेथे उभे राहणार त्या पट्ट्यावर सरळ दांडी किंवा ॲल्युमिनियमची रंधापट्टी ठेवून तिच्यावर पाणसळ धरावी व उंचवटा खडूने खुणावा. पाय वाढवता येतो, जमीन खाली दाबता येत नाही. म्हणून त्या उंच बिंदूवरील पेटी प्रथम, सर्वांत आखूड पायावर उभी करायची आणि बाकीच्या पेट्या तिच्या पातळीला वर उचलून आणायच्या. एका टोकापासून क्रमाने लावत गेल्यास चौथ्या-पाचव्या पेटीपाशी उंचवटा आडवा येतो आणि सारे पुन्हा सोडावे लागते.

पेटी जोडताना काटकोन आधी साधावा. मिनिफिक्सच्या, म्हणजे फिरवून फळ्या आवळणाऱ्या जोडाच्या, चकत्या व लाकडी खुंट्या बसवून सर्व सांधे प्रथम सैलसर आवळावेत. नंतर समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते समान असतील तर चौकट काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर हलका दाब देऊन त्यांना समान करावे. तसे धरूनच पाठीची फळी ठोकावी किंवा स्क्रूने पक्की करावी. पाठीची ही तीनेक मिलिमीटरची फळी लोक केवळ धूळ अडवणारी समजतात. वास्तविक संपूर्ण पेटीला बाजूला ढळण्यापासून रोखणारा भाग तोच आहे. दोन-चार खिळे वाचवून किंवा तारांसाठी मोठे भोक पाडून तिला दुबळे केले की कपाटाचा कणाच जातो.

यानंतर पाय. फिरवायच्या पायाचा आटा ८ मिलिमीटरचा असेल तर एका पूर्ण फेऱ्याला तो सव्वा मिलिमीटर वर जातो, १० मिलिमीटरचा असेल तर दीड. हे ध्यानी ठेवले तर अंदाजाने फिरवत बसावे लागत नाही, मोजून फिरवता येते. क्रम असा ठेवावा : प्रथम पुढचे दोन पाय डावी-उजवी पातळी साधून घ्यावेत, मग मागचे दोन पुढे-मागे जमवावेत, शेवटी बाजूच्या फळीला ओळंबा लावून पाहावे. प्रत्येक पाय खरोखर टेकला आहे याची खात्री हाताने फिरवून करावी. जो पाय सहज फिरतो त्याच्यावर भार नाही. पाय नसलेल्या कपाटाखाली कारागीर ज्याला पॅकिंग म्हणतात ते द्यावे लागते. घडी घातलेला पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र यासाठी वर्ज्य मानावे. फरशी पुसताना ते भिजते आणि दाबले जाते. सनमाइकाचे तुकडे यासाठी उत्तम, कारण ते पाण्याने नरमत नाहीत आणि साधारण एक मिलिमीटर जाडीचे असल्याने एकावर एक ठेवून हवी ती उंची मिळते. पॅकिंग बाजूच्या फळीच्या पूर्ण जाडीखाली असावे, फक्त कडेखाली नसावे.

शेजारच्या पेट्या एकमेकींना जोडण्याची वेळ त्यानंतर येते. दोन पेट्यांच्या पुढच्या कडा शिकंज्याने आवळून एका रेषेत आणाव्यात आणि मगच त्यांच्यामधून जोडबोल्ट घालावा. बोल्ट आवळून पातळी आणण्याचा प्रयत्न केल्यास एक पेटी दुसरीला अधांतरी धरून ठेवते. तो ताण पुढे सांध्यांत उतरतो. आणखी एक अडचण आपल्याकडील भिंतींची. तळाशी स्कर्टिंगची पट्टी भिंतीबाहेर आलेली असते, त्यामुळे कपाट पायथ्याशी अडते आणि माथ्यापाशी फट राहते. कपाट मागे ढकलून ही फट बुजवण्याचा मोह टाळावा. मागच्या खालच्या कोपऱ्यात स्कर्टिंगएवढी खाच कापावी, नाही तर माथ्यामागे तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी भिंतीला ठोकावी.

भार चढल्यावर चित्र बदलते, म्हणून अंतिम तपासणी भरलेल्या कपाटाची करावी. वाईत सिद्ध झालेला मराठी विश्वकोश घरी असेल तर त्याचे वीस खंड कोणत्या फळीवर ठेवायचे, हा प्रश्न रसिकतेइतकाच यंत्रशास्त्राचाही आहे. एक मीटर लांबीच्या ओळीतील पुस्तकांचे वजन साधारण २५ ते ४० किलो भरते. सारख्या घनतेने भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली की तिचा झोळ सोळापट होतो. त्यामुळे १८ मिलिमीटर जाडीच्या पार्टिकल बोर्डाची पुस्तकफळी ७० सेंटिमीटरहून लांब ठेवू नये, किंवा तिला मधोमध आधार द्यावा. जड वस्तू खालच्या दोन कप्प्यांत असाव्यात. गुरुत्वमध्य खाली जातो आणि स्थैर्य वाढते.

फळी कशाची आहे यावरही पातळी टिकणे अवलंबून आहे. पार्टिकल बोर्ड लाकडाच्या किंवा उसाच्या चोथ्याच्या चुऱ्याला राळेने दाबून करतात. उघड्या कडेतून पाणी शिरले की तो फुगतो आणि सुकल्यावर पूर्ववत होत नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एकाच कारखान्याचे कपाट या दोन ठिकाणी दोन प्रकारे वागते. ओलसर हवेत कडा सनमाइका किंवा पट्टीने पूर्ण बंद कराव्यात, विशेषतः जमिनीला टेकणारी कड, जी सहसा उघडीच ठेवतात. सांगलीचा अनुभव याहून कठोर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. एवढ्या पाण्यात पार्टिकल बोर्ड वाचत नाही. पूररेषेतील तळमजल्यासाठी पोलाद किंवा आयएस ७१० मानकाचा मरीन प्लायवूड हेच शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता स्थैर्याचा सर्वांत गंभीर भाग. समतल कपाट स्थिर असतेच असे नाही. ४० सेंटिमीटर खोल आणि २ मीटर उंच कपाट एकसारखे भरले, तर त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटरवर व पुढच्या कडेपासून २० सेंटिमीटरवर येतो. सुमारे ११ अंश कलताच ते स्वतःहून पुढे पडते. खण बाहेर ओढले, दारे उघडली की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि हा कोन आणखी लहान होतो. मूल उघड्या खणावर पाय देऊन चढले की काय होते, याचे दुःखद दाखले अमेरिकेत इतके साचले की २०१६ साली आयकियाला तेथील सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत बोलवावी लागली. २०२३ पासून तेथे खण उघडे असताना २७ किलो वजनाच्या मुलाचा भार गृहीत धरून कपाटाची चाचणी कायद्याने बंधनकारक झाली.

आपल्या भागात कपाट पडण्याच्या कारणांत भूकंपाची भर पडते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला झालेल्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. सारे गाव झोपेत होते. कोयना धरणातील उपकरणाने त्या वेळी गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ६३ टक्के इतके आडवे त्वरण नोंदवले. जगभरच्या धरणशास्त्रात त्या नोंदीचा अभ्यास आजही होतो. तिची तुलना वर काढलेल्या कपाटाशी करून पाहावी. २० सेंटिमीटरला १ मीटरने भागले की ०.२ येते. म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या २० टक्के आडव्या त्वरणाला न बांधलेले कपाट पायावर डोलू लागते. कोयनेचे धक्के त्यानंतर थांबलेले नाहीत, लहानमोठे आजही नोंदले जातात. भूकंपक्षेत्रांच्या दीर्घकाळ प्रचलित नकाशात कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात आणि सांगली तिसऱ्या क्षेत्रात मोडते. पाटण, जावळी, कराड, शिराळा या तालुक्यांतील घरात उंच कपाट भिंतीला बांधणे मी ऐच्छिक मानत नाही.

बांधण्याची रीत भिंतीवर ठरते. पक्क्या विटेच्या भिंतीत ८ मिलिमीटरचे भोक गिलाव्याच्या पलीकडे विटेत किमान दोन इंच जाईल असे पाडावे. त्यात गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी खुंटी, ठोकून स्क्रू पिळावा. नुसत्या गिलाव्यात धरलेली गिट्टी धक्क्याला उपटून येते. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीला त्याच्यासाठीच बनवलेली रुंद आट्यांची गिट्टी लागते, साधी गिट्टी त्यात फिरत राहते. पाटण-महाबळेश्वरकडील जांभ्याच्या भिंतीत दगड सच्छिद्र असल्याने लांब स्क्रू व अधिक जागी धारण आवश्यक असते. जुन्या वाड्याच्या दगड-मातीच्या भिंतीत सांध्यात भोक पाडून काहीच धरत नाही. तेथे दोन लाकडी खांबांना किंवा तुळईला आडवी फळी पक्की करून कपाट तिला बांधावे. कपाटाच्या बाजूने स्क्रू पाठीच्या पातळ फळीत न घालता माथ्याच्या किंवा बाजूच्या जाड फळीत घालावा. एका कपाटाला दोन पट्ट्या, दोन टोकांना, हे किमान प्रमाण समजावे. शेजारच्या पेट्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर स्थैर्य वाढते, परंतु भिंतीची पट्टी तरीही वगळू नये.

पुढचे पाय थोडे उंच ठेवून कपाट भिंतीकडे रेलते ठेवावे, असा सल्ला अनेक अनुभवी कारागीर देतात. पोलादी कपाटाला तो लागू पडे, कारण त्याचे दार त्यामुळे मिटलेले राही. मॉड्युलर कपाटात मात्र त्याने खण आपोआप आत जातात, मागच्या सांध्यांवर जादा भार येतो आणि भूकंपाच्या उलट धक्क्याला काहीच उपयोग होत नाही. पाणसळीवर नेमके समतल करावे आणि भिंतीला बांधावे, हाच योग्य निर्णय होय.

भारतीय मानक ब्यूरोने साठवणीच्या फर्निचरसाठी आयएस १७६३४ हे मानक २०२२ साली प्रसिद्ध केले आहे. खरेदी करताना त्याची विचारणा जरूर करावी. मात्र मानक कारखान्यापर्यंतच पोहोचते. खोक्याच्या तळाशी एका लहान पिशवीत इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची पट्टी आणि दोन स्क्रू बहुधा दिलेले असतात, आणि ते बहुतेक घरांत न वापरता खणात पडून राहतात. आपल्या घरी असे कपाट उभे असेल तर ती पिशवी शोधून काढावी, भिंत कशाची आहे ते पाहून योग्य गिट्टी आणावी आणि पलंगाशेजारच्या व मुलांच्या खोलीतील कपाटापासून कामाला सुरुवात करावी.